तुम्ही व्हिडिओ पुढे पळवला नाहीत

आदरणीय मॅडम,

प्रबंधात आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे, पण एका ओळीत उरकलेलं. तिथे रिवाजच असा की ज्यांनी काडीचीही मदत केली नाही त्यांनाही एकेक ओळ द्यायची, आणि तीही आधी. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

तुम्ही माझ्या गाइड नव्हता, समितीवरही नव्हता. माझे पहिले गाइड दुसऱ्या संस्थेत निघून गेले आणि जाताना सल्ला देऊन गेले, की होल्यांच्या पिंजऱ्यांचे व्हिडिओ काढून टाक, रक्तातल्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे आकडे तेवढे ठेव. हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्राची घरघर आणि बाहेरची रहदारी यांत पक्ष्यांचं घुमणं ऐकू येत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्यांनी ते व्हिडिओ कधी लावून पाहिले नव्हते. (पक्षीही पाहिले नव्हते. असो.) समितीवरच्या एकांनी भर बैठकीत सुनावलं, “भर शहरात बसून कसलं प्राणिवर्तन? जंगलात जा.” मी गप्प बसले. तुम्ही मात्र नंतर जिन्यात गाठून म्हणालात, “त्यांना विचार, डॅनियल लेहरमननी १९५९ मध्ये प्राणिवर्तनाची संस्था कुठे काढली? अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात. आणि कोणत्या पक्ष्यावर काम केलं? तुझ्याच होल्यावर.”

गाइड बदलण्याचे अर्ज, सह्या, खेटे यांबद्दल इथे लिहीत नाही. ज्यांनी ते भोगलंय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना कंटाळा येईल.

मला लिहायचंय ते त्या दुपारबद्दल. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, “आधी पक्षी दाखव.” तोवर प्रत्येकाने आधी नमुना किती, पी-व्हॅल्यू किती, पेपर कधी हेच विचारलं होतं. मी व्हिडिओ लावला. घरट्याशी बसलेली मादी, बाकी काहीच नाही. थोड्या वेळाने मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी तो पुढे पळवायला हात नेला. तुम्ही माझा हात अलगद बाजूला केलात आणि बघत राहिलात. तासभर. फोन पर्समध्ये, मांडीवर वही. मध्येच तुम्ही पेन्सिलीने एक रेघ ओढायचात, मग दुसरी. शेवटी विचारलंत, “ही मान खाली घालते तेव्हा पंखांची टोकं फडकवते. हे तू कुठे नोंदवतेस?”

मी कुठेच नोंदवत नव्हते, कारण नोंदतक्त्यात तसा रकानाच नव्हता. तो तक्ता मला गाइडनी तयार दिला होता. होले घरट्याशी घुमतात तेव्हा बहुधा पंख असे फडकवतात. म्हणजे आवाज बुडाला, तरी घुमण्याची खूण डोळ्यांना दिसत होती. माझे ‘निरुपयोगी’ व्हिडिओ त्या एका प्रश्नाने कामाचे झाले.

या विषयाबाहेरच्यांना वाटेल, पंख फडकले त्यात एवढं काय? होल्यांमध्ये वागणं आणि संप्रेरकं एकमेकांना हलवत असतात. लेहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की काचेपलीकडे प्रणयाराधन करणारा नर असला, तरी मादीचं अंडाशय कामाला लागतं. खच्ची केलेला नर असेल तर हा परिणाम फारसा दिसत नाही. पुढे त्याच संस्थेतल्या मेइ-फांग चेंग यांनी आणखी गंमत उलगडली. मादीचं स्वतःचं घुमणंही तिच्याच कानांवर पडून तिच्या अंडाशयाला चालना देतं. मग ती किती वेळा घुमली हे न मोजता नुसते रक्ताचे आकडे घेऊन मी काय करणार होते?

प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांचा १९७४ चा निरीक्षणपद्धतींवरचा लेख आम्ही सगळेच पाठ केल्यासारखा सांगतो. मनाला येईल तसं बघितलं, तर ठळक वागणं नोंदीत येतं आणि बारीकसारीक सुटून जातं. त्यावर उपाय म्हणजे एकच प्राणी निवडायचा आणि ठरलेला वेळ त्याच्यावरून नजर हलवायची नाही. परीक्षेत हे लिहून भरपूर गुण मिळतात. पण विभागातली गप्प बसणारी विद्यार्थिनी नोंदीतून सुटते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. हुशार माणसं मी विद्यापीठात पुष्कळ पाहिली. समोरच्याचं काम पूर्ण बघून मग बोलायचं, एवढी साधी भलाई मात्र फार थोड्यांकडे आढळली, आणि तिचा पदाशी काही संबंध दिसला नाही. आमच्या प्राणिगृहातले मदतनीस पिंजरा उघडण्याआधी हलकेच टकटक करतात, पक्षी दचकू नयेत म्हणून. त्यांना आणि तुम्हाला मी एकाच रांगेत बसवते. तुम्हाला त्यात काही वावगं वाटणार नाही, हेही माहीत आहे.

तुम्ही ओढलेल्या रेघांचा तो कागद पुढे माझ्या नोंदी ताडून पाहायला, दुसऱ्या निरीक्षकाची पहिली नोंद म्हणून वापरला. पेपरवर नाव घालू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “एका दुपारचं काय नाव घालतेस!” तिथे मी ऐकलं, इथे ऐकणार नाही.

एक भांडण मात्र बाकी आहे. पंख फडकले म्हणजे मादी घुमलीच, असं तुम्ही धरता. मला ते अजून पटत नाही, काही वेळा ती नुसतीच फडकवते असं माझं मत आहे. आता चांगला मायक्रोफोन मिळालाय, नवे व्हिडिओ आवाजासकट तयार आहेत. गुरुवारी दुपारी मोकळ्या असाल तर या.

तुमची विद्यार्थिनी
(कागदोपत्री नसले तरी)