नियुक्तीपत्र व सेवाशर्तींबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना, मग ते कामगार असोत वा मालक, कळविण्यात येते की नोकरीच्या अटी लेखी असाव्यात आणि त्यांची सही झालेली प्रत दोन्ही पक्षांकडे असावी.

तथापि, कागदावर ‘कंत्राटदार’ किंवा ‘सल्लागार’ असे लिहिले की मालकाची जबाबदारी संपते, हा समज (आणि तो चांगलाच रुजलेला आहे) चुकीचा आहे. रोजगाराचे नाते ठरविताना करारातील नावापेक्षा काम प्रत्यक्षात कोणाच्या नियंत्रणाखाली, कोणाच्या साधनांनी व कोणत्या ठरलेल्या वेळेत होते आणि मोबदला नियमित मिळतो का, हे पाहावे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची (संयुक्त राष्ट्रांची कामगारविषयक संस्था, आयएलओ) २००६ ची शिफारस क्रमांक १९८ सुचविते.

कामावरून काढण्यासाठी कामगाराची कार्यक्षमता, वर्तणूक किंवा आस्थापनेची निकड यांच्याशी निगडित सबळ कारण लागते, तसेच वर्तणुकीबाबत आक्षेप असल्यास त्याला आधी बाजू मांडू द्यावी लागते, असे त्याच संघटनेचा १९८२ चा करार क्रमांक १५८ सांगतो. युनियनचे सभासदत्व किंवा गरोदरपण हे असे कारण ठरत नाही. हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही. म्हणून आपल्या देशाचा कायदा तपासूनच पाऊल उचलावे.

वेतनचिठ्ठ्या, हजेरीच्या नोंदी व पत्रव्यवहार जपून ठेवावा. तक्रारीची मुदत बहुधा अल्प असते व ती एकदा टळली की खरी बाजूही ऐकली जाईलच असे नाही, त्यामुळे वाद उद्भवताच जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.