हँडगन निवडताना आधी हात पाहावा, मग हत्यार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वतःच्या आणि घराच्या संरक्षणासाठी हँडगन घ्यायची झाल्यास ती कोणती घ्यावी, यावर आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात काही दिवसांपासून चर्चा चालू आहे. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण बहुतेक पत्रे गोळीचा व्यास आणि कंपन्यांची नावे यांच्यातच अडकली. मी बावीस वर्षे पिस्तूल नेमबाजी शिकवतो. ‘सर्वांत जोरकस कोणती?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारतो, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. हत्यार ज्या हातात राहणार तो हात आणि ते ज्या जागी कुलपात राहणार ती जागा, या दोन गोष्टी ठरल्या की निवडीचे बरेचसे काम आपोआप होते.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे शिकायला आल्या. एकट्या राहत होत्या, परवाना रीतसर मिळालेला होता, आणि ‘बाईमाणसाचा हात लहान, तेव्हा हत्यारही लहानच बरे’ असे सांगून विक्रेत्याने त्यांना पाच गोळ्यांचे, दोन इंची नळीचे, हलक्या मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर दिले होते. पहिली गोळी सुटली तेव्हा मूठ त्यांच्या अंगठ्याच्या बेचकीत रुतली. दुसऱ्या गोळीला चाप ओढण्याआधीच त्यांचे डोळे मिटले. तिसऱ्या वेळी धक्क्याच्या भीतीने मनगट आधीच खाली झुकले, गोळी लक्ष्याच्या बरीच अलीकडे मातीत गेली, आणि रिव्हॉल्व्हर मेजावर ठेवून बेचकी चोळत त्यांनी विचारले, ‘‘सर, माझं वय झालं म्हणून जमत नाहीये का हो?’’

वयाचा काही संबंध नव्हता. काडतूस तेच ठेवून हत्याराचे वजन निम्मे केले, तर ते दुप्पट वेगाने मागे येते आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. म्हणजे लहान, हलके हत्यार सोपे नसते. ते सर्वांत अवघड असते आणि मुरलेल्या हातासाठीच असते. त्यात अशा रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) आधी न चढवता ओढायचा, तर सुमारे पाच किलोचा जोर लागतो आणि हत्याराचे स्वतःचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. दहापट जोराने ओढताना इतकी हलकी वस्तू स्थिर धरून पाहावी, म्हणजे नेम का हलतो ते कळेल. शिवाय नळी आखूड असल्यामुळे पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम जुळवायच्या खुणा, जवळजवळ येतात आणि त्यांच्या जुळणीतली बारीकशी चूक लक्ष्यावर कितीतरी मोठी होते.

लहान हँडगन अंगावर बाळगण्यासाठी बनवतात. ज्याला ती घरातच ठेवायची आहे, त्याने कपड्याखाली लपण्याचा गुण मिळावा म्हणून हा सारा त्रास विकत घेण्याचे कारण नाही. घरासाठी पूर्ण आकाराचे किंवा मध्यम, थोडे वजनदार आणि चार इंचांच्या आसपास नळी असलेले हत्यार घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच हत्यार दोन्ही कामांना वापरण्याच्या हट्टापायी माणसे दोन्ही कामांना अपुरे हत्यार घेऊन बसतात.

यानंतर रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हा जुना वाद येतो. रिव्हॉल्व्हरची जमेची बाजू म्हणजे त्याची सरळ रचना. एखादे काडतूस पेटले नाही तर पुन्हा चाप ओढायचा. काडतुसांचे चक्र फिरते आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) नाही, स्लाइड (नळीवरचे मागेपुढे सरकणारे आवरण) मागे ओढण्याची कसरत नाही, आणि चक्र बाजूला काढले की भरलेले आहे की रिकामे ते एका नजरेत दिसते. गोळ्या मात्र पाच किंवा सहाच, आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. पिस्तुलात गोळ्या पुष्कळ मावतात, धक्क्याचा काही भाग स्लाइड आणि स्प्रिंग सोसतात, चापही बहुधा हलका असतो. पण ते वापरणाऱ्याकडून शिस्त मागते. मनगट ढिले पडले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी दाराच्या फटीत बोट सापडावे तशी मध्येच अडकते. अशा वेळी मॅगझिन तळव्याने वर ठोकून स्लाइड झटक्यात मागे ओढून सोडायची असते. ही हालचाल हातात इतकी भिनलेली हवी की विचार करावा लागू नये, कारण हात थरथरत असताना विचार करायला उसंत मिळत नाही. जो महिन्यातून एकदा तरी सराव करणार आहे त्याने पिस्तूल खुशाल घ्यावे. जो वर्षातून दोनदाच मैदानावर येणार आहे, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. स्वतःला कोणत्या गटात धरायचे, ते मात्र प्रामाणिकपणे ठरवावे.

स्लाइड ओढवत नाही म्हणून पिस्तूल सोडून देणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. बहुतेकांचा हात दुबळा नसतो, पद्धत चुकीची असते. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून पिस्तूल छातीजवळ घ्यावे, डाव्या पंजाने स्लाइड वरून घट्ट धरावी आणि ती मागे ओढत बसण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. खांद्याचा जोर लागला की बोटांचा जोर कमी लागतो. संधिवाताने बोटे आखडलेल्यांना तरीही जमले नाही, तर हट्ट करू नये.

आता गोळीच्या जोराविषयी, कारण त्याशिवाय ही चर्चा मिटणार नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआय या तेथील केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि पाच जखमी झाले. हल्लेखोराला एक ९ मिलिमीटरची गोळी वर्मी लागूनही ती हृदयापर्यंत पोहोचली नव्हती आणि तो त्यानंतरही गोळीबार करत राहिला. त्यातून त्या संस्थेने आधी १० मिलिमीटरचे दणकट काडतूस घेतले, पण त्याचा धक्का अनेकांना झेपेना, तेव्हा पुढे ‘फोर्टी एस अँड डब्ल्यू’ हे त्याचे सौम्य भावंड आले. आणि तीसेक वर्षांनी तीच संस्था पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. दरम्यान पोकळ टोकाच्या गोळीची रचना सुधारली होती, आणि ९ मिलिमीटरने बहुतेक अधिकारी अधिक वेगाने आणि अधिक अचूक नेम साधतात, हे दिसून आले होते. गोळीने शरीरासारख्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरावे, ही त्या काळात रुजलेली कसोटी आजही वापरली जाते. हँडगनची गोळी माणसाला चित्रपटातल्यासारखी मागे फेकत नाही; ती कोठे लागते आणि किती खोल जाते, एवढ्यावर सारे असते. न झेपणाऱ्या काडतुसाची चुकलेली गोळी काहीच साधत नाही. म्हणून पिस्तुलाचे ९ मिलिमीटर किंवा रिव्हॉल्व्हरचे थर्टी-एट स्पेशल या काडतुसांपैकी जे हाताला सोसेल ते घ्यावे आणि हा विषय सोडून द्यावा.

यातच एक काळजीची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल एकाही पत्रात शब्द नाही. जी गोळी एवढी खोल शिरू शकते, ती हलक्या आडभिंतीतून आणि पोकळ दारातून सहज पलीकडे जाते. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी तर त्याहून पुढे जाते. म्हणून हत्यार घेण्याआधी घरातून एकदा रिकाम्या हातांनी फिरावे आणि कोणत्या भिंतीपलीकडे कोण झोपते, हे पाहावे. ज्या दिशेला मुलांची खाट आहे त्या दिशेला कधीही गोळी सुटता कामा नये, हे दिवसाउजेडी, शांतपणे ठरलेले असावे. पोकळ टोकाच्या गोळीचा वापर सगळीकडच्या कायद्यांत मान्य नाही, तेही आधी पाहून घ्यावे.

हत्यार हातात घेतल्यावर काय पाहावे? ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करून मूठ अशी धरावी की नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येतील; मग तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकते का ते पाहावे. बोट ताणावे लागत असेल तर मूठ मोठी आहे. डावखुऱ्यांनी सगळे खटके डाव्या हाताने दाबून पाहावेत. चष्मा लावणाऱ्यांनी तो काढून, मंद उजेडात पुढची साइट दिसते का ते पाहावे, कारण मध्यरात्री उठलेल्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा असेलच असे नाही. आणि नळीखाली बसवायच्या विजेरीविषयी माझा विरोध नोंदवतो. ती लावली की जे पाहायचे त्याच्यावर नळी रोखावी लागते, आणि अंधारात जे पाहायचे असते ते अनेकदा पाणी प्यायला उठलेले आपलेच माणूस असते. विजेरी वेगळ्या हातात असावी.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे लिहिणे मला कर्तव्य वाटते. शिकवायला लागून दहा वर्षे झाली होती. दिवस संपत आला होता, एका विद्यार्थ्याशी बोलत बोलत मी पिस्तूल रिकामे करत होतो. मॅगझिन आधी काढायचे आणि मग स्लाइड ओढायची, हा क्रम माझ्या हातून उलटा झाला. स्लाइड ओढली तेव्हा चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसते त्या पोकळीतले) काडतूस बाहेर पडले, ते मी पाहिले. पण मॅगझिन जागेवरच असल्याने स्लाइडने पुढे जाताना दुसरे आत नेले. मग मी मॅगझिन काढले आणि रिकामे समजून चाप ओढला. नळी वाळूच्या पोत्याकडे होती म्हणून कोणाला काही झाले नाही. बरीचशी पिस्तुले मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधली गोळी झाडतात. प्रत्येक हत्यार भरलेलेच मानावे, जे नष्ट करायचे नाही त्याकडे नळी कधी रोखू नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, आणि लक्ष्य व त्याच्या मागचे ओळखावे, हे अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम आहेत. त्यांतला पहिला मी मोडला आणि दुसऱ्याने वाचवले. तेव्हापासून मी चेंबरमध्ये नुसते डोकावत नाही, करंगळी घालून पाहतो.

ठेवण्याच्या जागेचा विचार हत्यार घरी येण्याआधी व्हायला हवा. उशीखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर, कपड्यांच्या घडीत, यांतली एकही जागा मुलांपासून लपलेली नसते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने आवळलेली, अंधारात बोटांनी उघडता येईल अशा कळांची छोटी पोलादी पेटी घ्यावी, आणि तिच्यासाठी हत्याराच्या खर्चातून आधीच रक्कम बाजूला काढावी.

घरात कोणी खोल निराशेत असेल, किंवा संतापाच्या भरात तोल सुटणारे कोणी असेल, तर हँडगन घेऊच नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना तोंडावर सांगतो. कॅलिफोर्नियातील सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. ज्या घराला बाहेरच्यापासून वाचवायचे म्हणून हे हत्यार येते, त्या घरातल्या माणसांचा विचार आधी करावाच लागतो. हत्यार आधीच घरात असेल आणि असा काळ आला, तर कायद्याने जेथे जमा करता येते तेथे ते जमा करावे. त्यात कमीपणा नाही.

सरावाविषयी थोडेच लिहितो. संरक्षणासाठी जी काडतुसे ठेवायची, त्याच जातीची पुरेशी झाडून पाहिल्याशिवाय हत्यारावर भरवसा ठेवू नये. मी स्वतः दोनशेचा नियम पाळतो. गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या पुष्कळ वर जातो आणि कानांचे झालेले नुकसान भरून निघत नाही, तेव्हा कर्णरक्षक घातल्याशिवाय मैदानावर पाऊल ठेवू नये. शिशाची भुकटी हातांवर राहते, म्हणून घरी जाण्याआधी हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवावेत. घरी रिकाम्या हत्याराने चापाचा सराव करायचा तर काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून करावा.

त्या शिक्षिकांचे पुढे काय झाले तेही सांगतो. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आधी दाराची कडी आणि निजण्याच्या खोलीचे कुलूप बदलले, म्हणजे कोणी आत शिरलेच तर त्यांना दार लावून, पोलिसांना फोन करून, एका जागी थांबता यावे. मग ते हलके रिव्हॉल्व्हर परत करून पोलादी बनावटीचे, चार इंची नळीचे, थर्टी-एट स्पेशलचे घेतले. त्याचे वजन आधीच्याच्या दुपटीहून अधिक होते. पहिली गोळी झाडल्यावर त्या हात खाली न आणता तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे तर ढकलतंय नुसतं, मारत नाहीये.’’ तिसऱ्या महिन्यात सात मीटरवरून त्यांच्या सहाही गोळ्या तळहाताएवढ्या कागदात बसत होत्या.

आपल्या दैनिकाने या विषयावर पुढे लेख छापल्यास, त्यात पेटी, भिंती आणि घरातली माणसे यांना काडतुसांच्या आधी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक