ॲपमधल्या पायऱ्या आम्ही लिहिल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र वाचले. मोबाईलने उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर हजर, त्यामुळे पोरांच्या डोक्याला गंज चढला, असा त्याचा रोख. त्यावर कडी म्हणजे ही ॲप काढणारी मंडळी 'जन्मात हातात खडू न धरलेली' आहेत, असेही सरांनी लिहिले आहे. सरांचा मान ठेवून सांगते, त्या मंडळींत मीही होते. माझे वय ५२, राहणार कराड, शिक्षण बी.एस्सी. गणित. १९ वर्षे घरच्या पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या शिकवण्या घेतल्या. खडू इतका धरला की अजून थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडतात.

२०२० च्या मार्चमध्ये शिकवण्या बंद पडल्या. दोन महिन्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीने काम सुचवले: परराज्यातल्या एका कंपनीसाठी घरबसल्या उदाहरणे सोडवून द्यायची, पायरी न पायरी लिहायची. एका उदाहरणाला २२ रुपये, तपासणीत नापास झाले तर शून्य. अडीच वर्षांत साडेतीन हजारांवर उदाहरणे लिहिली. आमच्या जाऊबाईंचा आजही समज आहे की मी कॉम्प्युटरला गणित शिकवून बक्कळ पैसा केला. त्या पैशांतून घरात आला तो एक इन्व्हर्टर. तोसुद्धा संध्याकाळी लाईट गेली की काम अडायचे म्हणून.

सगळी ॲप एकाच जातीची असतात, असे सरांच्या पत्रातून वाटते. तसे नाही. 'फोटोमॅथ'चेच घ्या. क्रोएशियातल्या दामिर साबोल यांच्या कंपनीचा मूळ धंदा कॅमेऱ्याने छापील मजकूर वाचण्याचा. ते तंत्र चालते हे दाखवायला म्हणून २०१४ मध्ये त्यांनी गणिताचे ॲप आणले आणि मूळ धंद्यापेक्षा तेच गाजले. आता ते गूगलकडे आहे. सुरुवातीला त्याला हस्ताक्षर वाचता येत नव्हते, फक्त छापील कळायचे. असे ॲप फोटोतले समीकरण ओळखते आणि ठरलेल्या नियमांनी सोडवते. दुसऱ्या जातीचे ॲप काहीच सोडवत नाही. तुमचा प्रश्न आधीपासून साठवलेल्या लाखो प्रश्नांशी ताडून पाहते आणि कुणीतरी कधीतरी लिहिलेली सोडवणूक पुढे ठेवते. मी होते ती कंपनी या जातीची, म्हणजे ते 'कुणीतरी' मी. हल्ली आलेली चॅटजीपीटीसारखी बोलकी ॲप तिसऱ्या जातीची. ती पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत उत्तर रचतात. आता हिशेबाला वेगळे साधन जोडून त्यांना पुष्कळ सुधारले आहे, पण चुकतात तेव्हा चेहऱ्यावर सुरकुती न पाडता चुकतात. वर्गात चुकणारे पोर निदान अडखळते तरी.

कामाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण त्याची कुणाला कल्पना नसते. माझी पहिली ४० उदाहरणे परत आली. कारण काय, तर मी लिहिले होते, '५ पलीकडे नेल्यावर चिन्ह बदलते.' तपासणाऱ्या मुलीने शेरा मारला: '५ चालत गेला का? चिन्ह का बदलले?' माझ्या निम्म्या वयाची ती. मला राग आला. १९ वर्षे हेच वाक्य फळ्यावर लिहिले होते आणि माझी पोरे पास झाली होती. पण तिचे म्हणणे होते की 'दोन्ही बाजूंतून ५ वजा करू' असे लिहा, म्हणजे तराजू डोळ्यांपुढे येतो. पलीकडे नेण्याची सवय लागलेले पोर गुणाकारातला ५ सुद्धा उणे करून पलीकडे नेते. हे खरे होते. तशा शेकडो वह्या मी तपासल्या होत्या आणि प्रत्येक वेळी पोरालाच धांदरट म्हटले होते.

मराठीची गंमत वेगळीच. वरून येणारे नमुने हिंदीत, आणि ते यंत्राने मराठीत आणलेले. हिंदीत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात. यंत्राने तो शब्द तसाच ठेवला, आणि मराठी पोराने वाचले, 'दोन भिन्न संख्यांची बेरीज करा'. त्याला वाटले, वेगवेगळ्या कोणत्याही दोन संख्या घ्यायच्या. हिंदीतली 'अभाज्य' संख्या म्हणजे आपली मूळ संख्या, पण आपल्याकडे समीकरणालाही मुळेच असतात. एका सोडवणुकीत दोन्ही आले तेव्हा तपासणाऱ्या अमराठी मुलाला समजावायला माझे चार फोन गेले. त्याचे पैसे कोण देणार? लसावि आणि काटकोन हे आपले शब्द मात्र मी लढून राखले.

मुलांनी पाठवलेले फोटोही आम्हाला दिसायचे. नाव-गाव नसे, फक्त फोटो. पानावर अंगठा, पंख्याच्या पात्याची सावली, समासात आमटीचा डाग, वही उलटी. एकाने तर चक्क लाईट बिल पाठवले होते. खालच्या वर्गातल्या पोरांनी देवनागरी अंक लिहिले की यंत्राची तारांबळ उडे. हाताने लिहिलेला ४ वरून जरा बंद झाला की त्याला तो इंग्रजी आठ वाटे, आणि १ ला ते नऊ म्हणे. मग ते उदाहरण माणसाकडे, म्हणजे आमच्याकडे येई.

आता कॉपीचा मुद्दा. उत्तरासाठी फोटो कशाला हवा? बालभारतीच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरसूची छापलेलीच असते. सगळी उदाहरणे सोडवून दिलेली गाईडे आमच्या वेळीही दप्तराच्या तळाशी असायची आणि सरांच्या शाळेतही असणार. शिवाय ॲपवरून जसेच्या तसे उतरवले तर दहावीला ते लगेच उघडे पडते. वर्गसमीकरणाच्या प्रश्नात 'अवयव पद्धतीने सोडवा' असते आणि पोराने ॲपमधून सूत्राची सोडवणूक उतरवलेली असते. दोन्हीकडे मुळे तीच येतात, पण गुण पद्धतीलाही असतात.

तरी एका बाबतीत सरांचे बरोबर आहे, आणि हे मी आमच्या कामातल्या कुणाच्या तोंडून ऐकले नाही. गाईडात उत्तर शोधायलासुद्धा आधी उदाहरण वाचावे लागे, धडा कोणता, सराव संच कोणता ते हुडकावे लागे. फोटो काढायला वाचावेही लागत नाही. रात्री अकरानंतर येणाऱ्या फोटोंमध्ये एकापाठोपाठ एक दहा उदाहरणे असत, त्याच पानावरची, त्याच क्रमाने. ते शिकणे नव्हते हे मलाही कळत होते. २२ रुपयांसाठी मीही ती सोडवली.

आणि लिहिणारे वेगळे, विकणारे वेगळे, हेही लक्षात घ्यावे. माझ्या बहिणीच्या घरी एकदा अशा ॲपचा एक विक्रेता आला होता. मुलाला चार अवघड प्रश्न विचारले, त्याला एकही आला नाही, आणि आई-बापाचा चेहरा उतरला की हप्त्याचा कागद पुढे. शेवटी १८ हप्ते त्यांच्या गळ्यात पडले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सूचना काढली होती की अशा कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देताना सांभाळा. सरांनी या विक्रेत्यांवर पत्र लिहावे, खाली पहिली सही माझी.

शेवटी एक कबुली. काम सुटल्यावर एकदा भाच्याच्या फोनवर मी माझीच उदाहरणे शोधून पाहत होते. एका उदाहरणात कंसाबाहेर उणे ३ आणि कंसात 'क्ष उणे २' आहे. कंस सोडवला की शेवटी अधिक ६ यायला हवेत. मी तिसऱ्या पायरीत उणे ६ लिहून ठेवले आहेत. खालचे उत्तर मात्र बरोबर आहे, कारण ते मी उत्तरसूचीतून पाहून घातले होते. तपासणीतही ते कुणाच्या लक्षात आले नाही. ॲपमध्ये 'चूक कळवा' असे बटण आहे, ते दाबून सगळे व्यवस्थित लिहून पाठवले. त्याला दीड वर्ष झाले. परवा पुन्हा पाहिले, उणे अजून तिथेच आहे.

आपली नम्र,
एक माजी शिकवणीवाली, कराड