गावात घर बांधणाऱ्या सभासदांसाठी सूचना

पावसाळ्यानंतर घर बांधायला काढणाऱ्यांनी लक्ष द्यावे. ग्रामपंचायत हद्दीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या (अंदाजे 1600 चौरस फूट) भूखंडावर मालकीचा उतारा, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला देऊन शुल्क भरावे. वेगळी परवानगी लागत नाही. पावती जपून ठेवा, कर्जासाठी बँक हमखास मागते. 150 ते 300 चौरस मीटरला कागद पूर्ण असल्यास ग्रामपंचायतीने 10 दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे असते. उशीर बहुधा उताऱ्यावर वारसांची नावे न चढल्याने होतो, तेव्हा ते आधी उरका.

रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे याला परवानगी नको. मजला चढवायचा किंवा खांब-तुळईला हात लावायचा असेल तर मात्र आधी अभियंत्याला दाखवा. गवंडी ‘चालतंय’ म्हणाला म्हणून काम सुरू करू नका.