दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा

महोदय,

स्वातंत्र्यदिन जवळ आला की राष्ट्रगीताच्या वेळी कोण उभे राहिले आणि कोण बसून राहिले यावर वाद रंगतो, आणि त्यात ‘बाहेरच्या देशांत पाहा’ हा दाखला हमखास दिला जातो. तो देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा अमेरिका असते. घराघरावर ध्वज, सामन्याआधी छातीवर हात ठेवून उभे राहिलेले प्रेक्षक, शाळेत म्हटली जाणारी ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा, हे सारे खरेच आहे. परंतु त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जून १९४३ रोजी, म्हणजे महायुद्ध ऐन भरात असताना आणि तेही तेथील ध्वजदिनी, शाळेतील मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली होती आणि त्यानंतर धर्मश्रद्धेमुळे ध्वजवंदन नाकारणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले होते. पुढे १९८९ मध्ये, निषेध म्हणून ध्वज जाळणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, असे तेथील न्यायाधीशांनी ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. अर्थात कायदा उदार म्हणून समाजही उदार असतो असे नाही. २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून वंशभेदाचा निषेध करणारा फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक तुरुंगात गेला नाही, मात्र त्या हंगामानंतर व्यावसायिक लीगमधील एकाही संघाने त्याला घेतले नाही.

जर्मनीत चित्र नेमके उलटे आहे. तेथे ध्वजाच्या किंवा राष्ट्रगीताच्या विटंबनेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी नाझी राजवटीच्या अनुभवानंतर सामान्य जर्मन माणूस घरावर राष्ट्रध्वज लावायला कित्येक दशके कचरत राहिला. २००६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत मोटारींवर आणि सज्जांत ध्वज फडकले, तेव्हा हे चांगले लक्षण की वाईट, याची त्या देशात गंभीरपणे चर्चा झाली. राष्ट्रगीत म्हणूनही तेथे मूळ कवितेचे फक्त तिसरे कडवे गायले जाते. डेन्मार्कचे लोक मात्र वाढदिवसाच्या केकवर आणि नाताळच्या झाडावर आपला राष्ट्रध्वज बिनदिक्कत लावतात. आपल्याकडे कुणी केकवर तिरंगा रोवला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. जपानमध्ये ध्वज आणि राष्ट्रगीत यांना कायद्याची मान्यता १९९९ मध्ये मिळाली. २००३ मध्ये टोकियोच्या शिक्षण मंडळाने शाळेच्या समारंभांत शिक्षकांनी उभे राहून राष्ट्रगीत गावे असा आदेश काढला, तेव्हा युद्धकाळाची आठवण जागी असलेल्या अनेक शिक्षकांनी तो मानला नाही आणि प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने आदेश घटनेला धरून असल्याचे सांगितले, पण केवळ ताकीद देण्यापलीकडच्या शिक्षा सावधपणे कराव्यात, असेही बजावले.

सांगायचे ते इतकेच की ध्वज किती दिसतो, त्याबाबतचा कायदा किती कडक आहे आणि लोकांचे देशावर किती प्रेम आहे, या तीन गोष्टींचा परस्परांशी ठरावीक संबंध नाही. आपलाच अनुभव पाहा. २००२ ची ध्वजसंहिता लागू होईपर्यंत सामान्य नागरिकाला मोजके दिवस सोडले तर घरावर तिरंगा लावता येत नव्हता, आणि रात्रीही तो फडकवण्याची मुभा मिळाली ती २०२२ मध्ये. आपल्या आजी-आजोबांनी तिरंगा पाहिला तो शाळेवर नाहीतर कचेरीवर, म्हणून त्यांची देशभक्ती उणी होती असे कोण म्हणेल?

राष्ट्रगीताचेही तसेच. १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रगीताच्या गायनात हेतुपुरस्सर अडथळा आणणे हा गुन्हा आहे, न गाणे हा नव्हे. केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवण्याची सक्तीही न्यायालयाने २०१८ मध्ये मागे घेतली, मात्र ते वाजले तर प्रेक्षकांनी आदर राखावा असे सांगितले. बसून राहिलेल्या प्रेक्षकाला खेचण्याचा किंवा मारण्याचा अधिकार शेजारच्या खुर्चीवरील माणसाला कोणत्याही निकालाने दिलेला नाही.

ज्यांना तिरंग्याच्या मानाची खरोखर काळजी आहे, त्यांच्यासाठी १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्यावर भरपूर काम पडलेले असते. प्लास्टिकचे ध्वज वापरू नयेत असे केंद्रीय गृहमंत्रालय बजावत आले आहे, तर फाटलेला वा मळलेला ध्वज कचऱ्यात न टाकता खासगीरीत्या, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करावा, असे आपली ध्वजसंहिताच सांगते, आणि हे बहुतेकांना माहीत नसते. शाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी येत्या ऑगस्टपूर्वी ही संहिता सूचनाफलकावर लावावी, आणि आपल्या वृत्तपत्रानेही तिच्यातील मुख्य तरतुदी चौकटीत छापाव्यात, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा