पोरांच्या गाड्या जप्त केल्या, आता मैदान कुठंय ते पण सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, रात्री हायवेवर रेस लावणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरलं, गाड्या जप्त केल्या, सायलेन्सर काढून घेतले. ती बातमी दोन दिवस डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय. पोलिसांनी केलं ते बरोबरच केलं, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी त्या पोरांची वकिली करतोय. पण बातमीत त्यांना "टवाळखोर" म्हटलंय ते मला खटकलं. त्यातली दोन-तीन पोरं माझ्या दुकानात येतात. टवाळखोर पोरगं रविवारी सकाळी सात वाजता येऊन चेनची एकेक कडी ब्रशनं घासत बसत नाही साहेब. त्यांना गाडीचा नाद आहे, आणि नाद म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझं उद्यमनगरात गाड्यांच्या इंजिनाच्या बोअरिंगचं दुकान आहे. वय ४८. पंचवीस वर्षांच्या वर झाली झिजलेला सिलिंडर आतनं कापून बोअर करतोय, घासून गुळगुळीत म्हणजे होनिंग करतोय, त्यात थोडा मोठा, ओव्हरसाईज पिस्टन बसवतोय. आमच्या पिढीचा सगळा जीव यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये अडकलेला. १९८५ ला ती गाडी आली आणि १९९६ ला बंद झाली, अकराच वर्षं, इंजिन फक्त ९८ सीसी, पण अजून कुणीतरी भंगारातनं उचललेली बॉडी आणि गंजलेलं इंजिन घेऊन दुकानात येतं आणि म्हणतं, मालक, कितीपण खर्च होऊ दे पण वाजली पाहिजे. आणि ती पहिल्यांदा सुरू होते ना, पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी ऑइलचा तो निळा धूर दुकानभर पसरतो, शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बघायला येतो. मी हे काम पैशासाठी करतो हे खरंय पण त्या मिनिटाला पैशाचा विचार डोक्यात नसतो.

रेसिंगचं बोलायच्या आधी नुसत्या गाडी चालवण्याचं बोलतो, कारण ज्याला ते कळलं नाही त्याला पुढचं कळणार नाही. महिन्यातनं एकदा पहाटे मी गगनबावड्याला जातो. रंकाळ्यावरनं फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, मग कळे, तिथनं पुढं रस्ता हळूहळू डोंगराकडं सरकायला लागतो. कारमध्ये काच वर करून बसलेल्या माणसाला हा रस्ता दिसतो फक्त, गाडीवरच्या माणसाला तो अंगाला लागतो. नदीजवळ आलं की गुडघ्याला गार वारं लागतं, उसाच्या फडातनं गेलं की हवा दमट होते, हंगामात गुऱ्हाळाचा गोड वास हेल्मेटच्या आत येऊन बसतो, आणि कारखान्याजवळ मळीचा वास, तो पण मला आवडतो, बायको म्हणते तुझं नाक खराब झालंय. घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत ऊन पडतं. तिथं थांबायचं, हेल्मेट काढायचं, इंजिन गार होताना टिक टिक असा आवाज येतो तो ऐकत उभं राहायचं, चहा घ्यायचा. घरचे विचारतात एवढं लांब जाऊन केलं काय? काही नाही. पण आठवडाभर मी माणसात असतो.

आणि वळण. वळणाबद्दल लिहायचं तर अख्खं पान लागेल, तुम्ही तेवढी जागा देणार नाही हे माहित आहे. पण एवढं सांगतो की बऱ्याच लोकांना वाटतं गाडी हँडल फिरवून वळते. रिक्षा तशी वळते. मोटरसायकल वेगात असली की डाव्या वळणाला हँडलची डावी बाजू हलकीशी पुढं ढकलायची, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडं जातं आणि गाडी डावीकडं झुकते, आणि झुकली की वळते. हे रोज गाडी चालवणारे सगळे करतात पण कुणाला माहित नसतं की आपण करतोय. आणि नजर जिथं तिथं गाडी, खड्ड्याकडं बघत राहिलात की खड्ड्यातच जाणार, वळणाच्या पलीकडं बघितलं की गाडी आपोआप तिकडं जाते. ब्रेक वळणाच्या आधी, आत शिरलं की गॅस एकसारखा धरायचा, बाहेर पडताना उघडायचा. हे तिन्ही एका दमात बरोबर जमलं तर पोटात जे होतं ते मला शब्दात सांगता येत नाही. तालमीतला पैलवान एखादा डाव बरोबर पडल्यावर जसा हसतो तसं हेल्मेटच्या आत हसू येतं. त्यासाठी वेग लई लागत नाही. पन्नासच्या स्पीडला पण येतं. पण खोटं कशाला बोलू, वेगात जास्त येतं.

आता ती गोष्ट सांगतो जी मी फारशी कुणाला सांगत नाही. मी बावीस-तेवीसचा होतो. तेव्हा हायवे चौपदरी झाला नव्हता. आम्ही पण रात्रीच्या रेसा लावायचो, पैज म्हणजे मिसळ किंवा पेट्रोल, बाकी इज्जतीचा प्रश्न. माझ्या जिगरी मित्राच्या आरएक्सचं इंजिन मी स्वतः तयार केलेलं, पोर्ट कापले, हेड उतरवून घासलं, कार्ब्युरेटर सेट केला. गाडी अशी निघायची की काटा किर्र. जानेवारीचे दिवस, उसाचा हंगाम, आणि रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी, ना मागं लाईट ना रिफ्लेक्टर. त्यानं ब्रेक मारला. ब्रेक कंपनीचाच होता, पुढं साधा ड्रम. मी गाडी पळायला लावली होती, थांबायला लावली नव्हती. स्पीड डबल झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे शाळेतल्या पुस्तकात असतं, ते मी तेव्हा त्या इंजिनावर काम करताना एकदा पण आठवलं नाही. मांडीत रॉड पडला, दोन ऑपरेशनं झाली, अजून थंडीत त्याचा पाय दुखतो. तो मला एका शब्दानं कधी बोलला नाही. त्या दिवसापासनं रस्त्यावर रेस लावायला कुणी इंजिन तयार करून मागितलं तर मी करत नाही, पोरं दुसरीकडं जातात, जाऊ देत.

पण म्हणून मी रेसिंगचा दुश्मन झालो का? नाही झालो. उलट भाच्यानं काही वर्षांपूर्वी मोबाईलवर आयल ऑफ मॅनची टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी ही मोटरसायकलींची रेस, दाखवली तेव्हापासनं मे संपत आला की माझं दुकानात लक्ष लागत नाही. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं छोटं बेट आहे ते. इंग्लंडात त्या काळी वेगाची मर्यादा ताशी २० मैल होती आणि रेससाठी रस्ते बंद करू देत नव्हते. बेटाचं सरकार मात्र वेगळं, त्यांनी १९०४ ला कायदा करून रस्ते बंद करायला परवानगी दिली, आधी मोटारींसाठी, आणि १९०७ ला मोटरसायकलींची पहिली टीटी झाली. रस्ता तोच, ज्याच्यावर वर्षभर लोक भाजी आणायला जातात, पोरं शाळेला जातात. दोन्ही बाजूला दगडी भिंती, घरं, विजेचे खांब, मग स्नेफेलचा डोंगर. एक फेरी ६०.७ किलोमीटरची, दोनशेच्या वर वळणं. आता बघा, आमचं कोल्हापूर ते गगनबावडा साधारण तेवढंच भरतं आणि मला जायला सव्वा तास लागतो. पीटर हिकमननं २०२३ ला ती फेरी १६ मिनिटं ३६ सेकंदात मारली, म्हणजे सरासरी ताशी २१९ किलोमीटर, टॉप स्पीड नव्हे, सरासरी! सिनियर टीटी या तिथल्या मुख्य रेसला अशा सहा फेऱ्या असतात, एकूण ३६४ किलोमीटर, जवळजवळ कोल्हापूर ते मुंबई, आणि २०१८ ला त्यानंच ते पावणेदोन तासाच्या आत संपवलं, मध्ये पेट्रोल भरायला थांबून. सगळे एकदम सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदानं एकेक सुटतो, त्यामुळं शर्यत समोरच्या माणसाशी नसते, घड्याळाशी असते. प्रत्येक वळण, प्रत्येक उंचवटा, कुठल्या झाडाखाली रस्ता ओला राहतो ते सगळं पाठ करावं लागतं. वारकऱ्याला हरिपाठ पाठ असतो तसं.

तिथला माझा देव जोई डनलॉप. उत्तर आयर्लंडचा साधा माणूस, स्वतःचं इंजिन स्वतः उघडणारा, टीटी २६ वेळा जिंकला. फावल्या वेळात व्हॅन भरून औषधं कपडे घेऊन रोमानियाच्या अनाथाश्रमांपर्यंत एकटा जायचा. २००० साली ४८ व्या वर्षी, म्हणजे माझ्या आजच्या वयात, त्यानं एका आठवड्यात तीन रेसा जिंकल्या, आणि पुढच्याच महिन्यात एस्टोनियात रेसमध्येच गेला. आता त्याच्या भावाचा मुलगा मायकेल डनलॉपनं २०२४ ला त्याचा विक्रम मोडला. त्या मायकेलचे वडील रॉबर्ट २००८ ला उत्तर आयर्लंडात रेसच्या सरावात वारले आणि दोनच दिवसांनी पोरगा त्याच ठिकाणी रेसला उतरून जिंकला, तो व्हिडिओ बघताना मी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं होतं.

हे पण लिहितो कारण लपवायचं नाही, त्या बेटाच्या रस्त्यावर आजवर अडीचशेच्या वर रायडर गेलेत. मी काही म्हणत नाही की कोल्हापुरात टीटी भरवा. मी एवढंच दाखवतोय की वेगाचा नाद जगात सगळीकडं आहे, पण तिथं त्याला रस्ता बंद करून देतात, प्रत्येक गाडी तपासून आत सोडतात, वळणावळणाला मार्शल झेंडा घेऊन उभा असतो, अँब्युलन्स तयार, हेलिकॉप्टर तयार. समोरनं एसटी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, उसाची ट्रॉली उभी नसते. आमच्या पोरांना नाद तोच आहे, बाकी यातलं एक पण नाही.

आता कायद्याचं. ज्या कलमाखाली रस्त्यावरच्या रेसवर कारवाई होते ते मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम, पहिल्यांदा सापडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते कलम नीट वाचा साहेब, एका वकील गिऱ्हाइकानं मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रेस लावली तर गुन्हा. म्हणजे लेखी परवानगी घेऊन लावता येते! दार कायद्यानंच ठेवलंय, कोल्हापुरात कुणी ते वाजवलेलं मी तरी बघितलं नाही. २०२३ ला हैदराबादला हुसेनसागरच्या काठानं फॉर्म्युला ई ही विजेवरच्या मोटारींची रेस झाली, २०२४ ला चेन्नईत शहरातल्या रस्त्यावर रात्री लाईट लावून फॉर्म्युला फोर या छोट्या रेस मोटारींच्या रेसा झाल्या, सरकारनं रस्ते बंद करून दिले. आमची बैलगाडी शर्यत घ्या, २०१४ ला बंद झाली, लोक कोर्टात लढत राहिले, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टानं कायदा मान्य केला. बैलांना मिळालं ते पोरांना का मिळू नये?

आणि हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी पैलवानांना गल्लीत कुस्त्या करा म्हणून सोडून दिलं नाही, त्यांनी रोमचं जुनं मैदान बघितलं आणि इथं खासबाग बांधलं, १९१२ ला. फुटबॉलला स्टेडियम आहे. गाडीचा नाद असलेल्या पोराला काय आहे? हुपरीकडं गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, ती चांगली गोष्ट आहे, पण मोटरसायकलची खरी रेस करायची तर चेन्नई नाहीतर कोइम्बतूर, हजार किलोमीटरच्या आसपास, गाडी टेम्पोत घालून, वर लेदर सूट, टायर, एंट्री फी. आयटीआयच्या पोराला ते परवडतं का तुम्हीच सांगा. ज्याच्या वडिलांना परवडतं तो रेसर आणि ज्याच्या नाही तो टवाळखोर, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं लई मोठं नाही. आमच्या आसपास एवढ्या औद्योगिक वसाहती आहेत, त्यातले रस्ते रुंद आहेत, सुट्टीच्या दिवशी तिथं कुत्रं पण फिरत नाही. वर्षातनं दोन दिवस असा एक रस्ता बंद करा, कडेला गवताच्या गाठी आणि जुने टायर रचा, एका वेळी एकच गाडी सोडा घड्याळावर, टीटीसारखी. लायसन्स, हेल्मेट, जाड जॅकेट, बूट, घरच्यांची सही, नसेल तर लाईनवर उभंच करायचं नाही. लहान इंजिनचा वेगळा गट ठेवा म्हणजे दहा हजाराची जुनी आरएक्स घेऊन येणारा पोरगा पण उभा राहील. आणि जो वर्षभरात हायवेवर रेस लावताना सापडला त्याला त्या वर्षी प्रवेश नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी ही शेवटची अट सांगितली तेव्हा सगळे गप्प झाले आणि मग त्यातला सगळ्यात वांड पोरगा म्हणाला, काका, खरंच लागणार असेल तर मी आजपासनं बंद करतो.

पोलीस, आरटीओ, वसाहतीतले कारखानदार आणि आमच्यासारखे मेकॅनिक एकदा एका टेबलावर बसले तर अर्ध्या तासात कच्चा आराखडा होतो. तुमच्या पेपरानं पुढाकार घेऊन तेवढी बैठक घडवावी ही विनंती. गाड्यांची तपासणी करायला मी दुकान बंद ठेवून येईन, पैसे नकोत, आणि प्रत्येक गाडीचा आधी ब्रेक बघीन, इंजिन नंतर. शेवटच्या वळणावर झेंडा घेऊन कोण उभं राहणार ते पण ठरलंय. पायात रॉड असलेल्या माझ्या मित्राला परवा विचारलं, तो म्हणाला खुर्ची दिलीस तर दिवसभर थांबतो.

आपला नम्र,
उद्यमनगरातला एक बोअरिंगवाला, कोल्हापूर