ये की गा अमावास्येला

बेळगाव,
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय दोस्ता,

काय गा, काय करालास? फोनवर तू मधेच मीटिंग आहे म्हणतोस आणि मला हे सगळं एका दमात सांगायचंय, म्हणून लिहालोय. मिळाली गा. एम ५१ ही दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, फोटोत मिळाली. वळसे दिसतात, आणि शेजारची ती धाकटी दीर्घिका पण, जिला मोठीचा एक हात जाऊन टेकलाय असं वाटतं. जांबोटीकडं मामाचं शेत आहे ना, तिथं सहा इंची टेलिस्कोप आणि तो सेकंडहँड कॅमेरा, एवढ्यावर.

तुला जागा सांगतो, आज रात्री गच्चीवर जाऊन नुसतं बघ तरी. सप्तर्षीच्या शेपटीतला शेवटचा तारा मरीची, तिथून साधारण साडेतीन अंशावर. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण तिथं आहे. १९९७ ला शहापूरच्या तुमच्या गच्चीवरून काकांच्या दुर्बिणीतनं आपण हेल-बॉप धूमकेतू बघितला होता, आठवतंय का, आपली पाळी यायची म्हणून जिन्यात भांडत होतो. ते जे पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं ना, परवा रात्री अडीच वाजता शेतात बसून अगदी तसंच झालं.

आता शहापुरातनं असलं काही होत नाही. एलईडीचे दिवे आल्यापासून आकाश राखाडी झालंय. म्हणून फाल्गुन अमावास्येला दोन दिवस मामाकडं गेलो. पहिली रात्र सगळी वाया गेली. तिकडं दव किती पडतं तुला माहीत आहे, टेलिस्कोपच्या तोंडाजवळचा जो छोटा आरसा असतो त्याच्यावर एक वाजल्यापासून दव बसलं आणि मला कळलंच नाही, स्क्रीनवर तारे जरा फुगल्यासारखे दिसत होते, मला वाटलं हवा हलतेय. सकाळी लॅपटॉपवर बघितलं तर एकनंतरच्या सगळ्या फ्रेम दुधात बुडवल्यासारख्या. खूप वाईट वाटलं गा, महिनाभर वाट बघितलेली रात्र ती. दुसऱ्या दिवशी मामाच्या ट्रॅक्टरची बॅटरी घेतली, आरशाच्या मागं गरम होणारी छोटी पट्टी लावली, मग पहाटेपर्यंत आरसा कोरडा.

आणखी एक, आपल्याकडं ध्रुव फार खाली असतो, खानापूर भागात जेमतेम साडेपंधरा अंशावर. टेलिस्कोपच्या माउंटचा, म्हणजे खालच्या स्टँडचा, आस ध्रुवाकडं नीट लावला तरच मोटर पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करू शकते, नाहीतर दोन मिनिटात ताऱ्यांच्या रेघा. आणि मामाच्या अंगणात बरोबर उत्तरेला ते मोठं आंब्याचं झाड. म्हणून सगळं सामान उचलून भात काढलेल्या मोकळ्या शेतात नेलं.

दोन दोन मिनिटांच्या ९० फ्रेम घेतल्या. त्यातल्या ५८ ठेवल्या, बाकीच्यात वारा, सॅटेलाइटच्या रेघा, आणि उसाचे ट्रॅक्टर वळताना मारलेले हेडलाइट. म्हणजे जवळजवळ दोन तासांचा उजेड. एक फ्रेम उघडली तर करड्या वाळूत एक डाग, बस्स. पण सॉफ्टवेअरमधे एकावर एक रचत गेलं की वाळू हळूहळू बसत जाते, कारण ती प्रत्येक फ्रेममधे वेगळी पडते आणि दीर्घिका मात्र जिथल्या तिथं असते. फक्त ह्यात गणित जरा कडक आहे, वाळू निम्मी करायची तर फ्रेम चौपट लागतात. म्हणजे अजून सहा तास हवेत मला. दीर्घिकेच्या हातांवरचे गुलाबी ठिपके पण माझ्या फोटोत फिके आलेत, नवे तारे जन्मतात तिथल्या हायड्रोजनचा तो गडद लाल रंग साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर बराचसा अडवतो.

बायको विचारते, नेटवर त्या अवकाशातल्या हबल दुर्बिणीचा फोटो आहे की, मग तू का जागतोस? मला तिला नीट सांगता आलं नाही, तुला सांगून बघतो. १८४५ ला आयर्लंडमधे लॉर्ड रॉस ह्या माणसानं सहा फुटी आरसा लावून हीच दीर्घिका बघितली आणि वळसे हातानं काढले, तोवर कुणाला वळसे माहीतच नव्हते. सहा फूट! आणि माझा सहा इंच. डोळा आलेला उजेड साठवत नाही, लगेच पुसतो आणि पुढचा घेतो. कॅमेरा साठवतो. मेसिये ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १७७३ ला हिला बघितलं तेव्हा त्याला नुसता धूसर डागच दिसला होता. अडीच-तीन कोटी वर्षं चाललेला उजेड, आणि त्यातला थोडासा त्या रात्री माझ्या आरशावर पडला. हबलच्या फोटोतला उजेड हबलवर पडलेला गा, माझ्यावर नाही.

रात्री शेजारच्या मळ्यातले अज्जा लाल लाइट बघून काठी घेऊन आले होते. माझं मोडकं कन्नड, तरी सांगितलं. स्क्रीनवर बराच वेळ बघितलं त्यांनी, काही बोलले नाहीत, परत गेले आणि खोपीवरचा बल्ब घालवला. सकाळपर्यंत लावला नाही.

आता मुद्दा. चैत्र अमावास्येला, अक्षयतृतीयेच्या आधीची, तू ये. मे महिन्यात नको, तोवर वळवाचे ढग सुरू होतात. त्या दिवसांत एम ५१ बारा-साडेबाराला उत्तरेत सगळ्यात वर असते, आणि नेमकं त्याच वेळी दक्षिणेत, क्षितिजापासून तीस अंशावर, नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही दीर्घिका पण वर येते, धुळीचा काळा पट्टा मधोमध असलेली, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. रॉसच्या गावातनं ती कधीच उगवत नाही. आपल्याला दोन्ही एकाच रात्री. एकट्याला दोन्हीकडं बघणं जमत नाही, कोणीतरी फ्रेम मोजायला आणि दवावर लक्ष ठेवायला पाहिजे.

मामी तांदळाची भाकरी आणि काजूची उसळ करते म्हणालीय. स्वेटर आण, पहाटे गार होतं. आणि काकांची ती दुर्बीण अजून कपाटात असेल तर घेऊन ये, सेंटॉरस ए च्या खालीच ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल पुंजका असतो, तो त्यातनं छान दिसेल. खानापूर स्टँडवर उतर, गाडी घेऊन येतो.

तुझा,
शहापूरचा दोस्त